नानकटाईच्या भट्टीत खुपसलेला मी

मी तार आहे. एक नव्हे, दोन. एका जागी गप्प बसणं आमच्या रक्तात नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो: बोलता बोलता मध्येच लक्ष उडालं तर राग मानू नका. आत भट्टीत माल भाजतोय आणि क्षणाक्षणाला मला कुणाला तरी आकडा कळवायचा असतो.

नाव थर्मोकपल. जोगेश्वरीत हे नाव पूर्ण कुणीच घेत नाही. अपूर्वा मला सेन्सर म्हणते, धोंडिराम वायरमन दांडी म्हणतो, आणि ज्यांच्या बेकरीच्या भट्टीत मी कमरेपर्यंत खुपसलेला आहे ते जयवंतराव म्हणतात, "तो खिळो." एवढ्या थोर घराण्यातल्याला खिळा! माझा एक आतेभाऊ विमानाच्या इंजिनात बसून रोज दुबईला जाऊन येतो. दुसरा पवईला वितळलेल्या शिशात पोहतो आणि मोठमोठे प्राध्यापक काठावर उभे राहून त्याला "आता किती?" म्हणून विचारतात. मी दोघांनाही भेटलेलो नाही, पण घरातल्या गोष्टी घरात कळतातच.

जन्म माझा मुलुंडचा, एका औद्योगिक गाळ्यातला. गंधाली नावाच्या मुलीने दोन तारा घेतल्या. दोन्ही निकेलच्या, पण एकीत क्रोमियम मिसळलेलं, दुसरीत ॲल्युमिनियम. दिसायला सख्ख्या बहिणी, स्वभाव दोन टोकांचे. तिने त्यांची टोकं एकमेकींत पिळली आणि ठिणगी पाडली. ठिणगी अशी की भांडुपपर्यंत लोकांनी डोळे मिटले. खोटं वाटत असेल तर भांडुपात विचारा. मग मोहरीएवढा एक मणी तयार झाला. तो माझा जीव. तारांवर चिनीमातीचे पांढरे मणी ओवले, वरून पोलादाची नळी घातली आणि टोकाला एक गोल डबी बसवली, जिच्यात माझ्या तारांचे शेंडे स्क्रूने आवळलेले असतात. ती डबी म्हणजे माझं डोकं. डोकं बाहेर, जीव भट्टीत, अशी माझी बैठक.

आता एक गुपित सांगतो. मला तापमान कळतच नाही. मला फक्त फरक कळतो. मणी तापला आणि दुसरं टोक थंड राहिलं की माझ्यातून विजेची एक बारीकशी कळ जाते. इतकी बारीक की तिच्यावर काजव्याचं पोट पेटणार नाही. माझ्या डोक्यापासून पुढे आकडा दाखवणाऱ्या पॅनेलपर्यंत माझ्याच जातीची केबल जाते, तीही दोन तारांची, एक पिवळी आणि एक लाल. मणी डोक्यापेक्षा किती गरम ते मी सांगतो. डोकं पॅनेलपेक्षा किती गरम ते केबल सांगते. पॅनेल दोन्ही मिळवतो, त्यात स्वतःजवळची गरमी घालतो आणि लाल आकड्यात जाहीर करतो: एकशे सत्तर. त्याच आकड्यावरून तो भट्टीची वीज चालू-बंद करतो. लोकांना वाटतं पॅनेल हुशार आहे. असू दे.

मी जोगेश्वरीला आलो तो एका भांडणातून. जयवंतरावांचे वडील मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी ही बेकरी टाकली, लाकडाच्या भट्टीची. आता धुरामुळे शहरातल्या लाकडाच्या भट्ट्या बंद करायचं ठरलं. शेजारच्या औषधवाल्याला गाळा हवाच होता. जयवंतरावांनी मनातल्या मनात गावची बॅगही भरली होती. पण त्यांची मुलगी अपूर्वा आडवी आली. अंधेरीतली नोकरी सोडून ती गल्ल्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, इलेक्ट्रिक घेऊ. मी चालवते."

"तू चालवतलंस? भट्टी म्हणजे काय कॉम्प्युटर वाटलो तुका?"

"एक दिवाळी द्या मला. फक्त एक."

"बरा. घरच्या पत्र्यांची दिवाळी नीट गेली तर ठीक. नायतर शटर खाली, आणि मगे रडूचा नाय."

घरचे पत्रे म्हणजे काय ते आधी समजून घ्या, नाहीतर माझी धडधड तुम्हाला कळायची नाही. दिवाळीच्या तोंडावर आसपासच्या सोसायट्यांतल्या बायका मैदा, रवा, पिठीसाखर आणि घरचं तूप घेऊन बेकरीत येतात. पीठ तिथेच मळायचं, गोळे वळून पत्र्यावर मांडायचे, कोपऱ्यात नावाची चिठ्ठी खोचायची आणि आपल्या नानकटाया भाजून न्यायच्या. कुणाच्या तुपाचा गोळा कुणाच्या पत्र्यात जाऊ नये म्हणून प्रत्येकजण पहाऱ्याला उभी. वर्षभर कुठूनही पाव घेतील, पण जिथे दिवाळीचा पत्रा चांगला भाजला तीच आपली बेकरी. हे एवढे दिवस बिघडले की वर्ष गेलं.

भट्टी आली. कंपनीचा फिटर मिहिर सगळं जोडून, चालवून दाखवून गेला. पॅनेल भट्टीच्या कुशीलाच होता. जयवंतरावांना तो पसंत पडेना.

"आकडो मागे लपवून काय उपयोग? पुढे आण. गल्ल्यावर. गिऱ्हाइकाक दिसाक होयो."

मग धोंडिरामला बोलावलं. जोगेश्वरी पूर्वेच्या अर्ध्या घरांचे पंखे याच्या हाताने फिरतात. त्याने कंपनीकडून माझ्याच जातीची लांब केबल मागवली, व्यवस्थित पट्ट्या मारत पुढे नेली आणि पॅनेल गल्ल्यावर, पंख्याखाली टांगला. काम इतकं देखणं की मलाच माझा हेवा वाटला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. भट्टी थंड असताना आकडा दाखवला तीस. बाहेरही तीसच होते. टाळ्या!

आणि मी आत तडफडायला लागलो. कारण धोंडिरामने डोक्याशी लाल तार प्लसला लावली होती. पॅनेलशीही लाल तार प्लसलाच. तो काय करणार? आयुष्यभर लाल म्हणजे प्लस, लाल म्हणजे जिवंत तार. पण माझ्या केबलच्या मुलखात रीत उलटी आहे. तिथे लाल मायनस. एकाच ठिकाणी चुकला असता तर भट्टी तापताना आकडा खाली पळाला असता आणि सगळ्यांच्या लक्षात आलं असतं. तो दोन्हीकडे सारखाच चुकला. त्यामुळे आकडा शहाण्यासारखा वर चढत होता, फक्त डोक्याची जी गरमी हिशेबात मिळवायची ती वजा होत होती. आणि माझं डोकं भट्टी आणि भिंतीच्या सांदीत, शेकोटीला बसल्यासारखं तापलेलं. पॅनेल तिकडे पंख्याखाली वारा खात. गल्ल्यावर एकशे सत्तर दिसायचे तेव्हा आत अडीचशे असायचे.

मी ओरडत होतो. पण माझं ओरडणं ते काय, काजव्याच्या पोटालाही न पुरणारं.

पहिल्याच दिवशी खारी काळी निघाली. जयवंतरावांनी दार उघडून हात आत घातला आणि झटकन मागे घेतला.

"अगो, भाजतंय हो! ह्यो काय एकशेसत्तर नाय."

"बाबा, आकडा बघा ना. एकशे सत्तरच आहे."

त्यांनी फोड आलेल्या बोटांकडे पाहिलं, मग आकड्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. "हां, एकशेसत्तरच आसा. माझोच हात म्हातारो झालो."

माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. स्वतःची कातडी बोंब मारतेय आणि विश्वास ठेवायचा तो लाल दिव्यांवर!

अपूर्वा तशी सोडणारी नव्हे. तिने मला भट्टीतून बाहेर ओढलं आणि चहाच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात बुडवलं. आता तुम्हीच सांगा, बाहेर काढल्यावर माझं डोकं थंड झालं. डोकं थंड, म्हणजे वजा करायला काही उरलंच नाही. पॅनेलवर लख्ख शंभर.

"सेन्सर झकास आहे," ती म्हणाली. मी निर्दोष सुटलो आणि पुन्हा भट्टीत जाऊन खोटं बोलायला लागलो. अशी लाज कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मग माल करपू नये म्हणून तिने तोड काढली. आकडा एकशे वीसवर ठेवायचा. पण सकाळी माझं डोकं पुरतं तापलेलं नसायचं, त्यामुळे सकाळचा माल फिका आणि कच्चा. दुपारी डोकं पेटलं की तोच एकशे वीसचा माल करपलेला. सकाळच्या बायका म्हणायच्या, "वाढव गं जरा." दुपारच्या म्हणायच्या, "वाट लावलीस गं." अपूर्वा दिवसभर पॅनेलची बटणं दाबत उभी असायची आणि तिचा जीव आकड्याबरोबर वरखाली व्हायचा. माझाही. भट्टीच्या त्या टोकाला मी आणि या टोकाला ती, दोघंही झोपेतसुद्धा दचकत असू. मी झोपत नाही, पण म्हणायची पद्धत.

आणि अशाच एका दुपारी सुनंदाकाकूंचा पत्रा लागला.

सुनंदाकाकू म्हणजे मागच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांनी "बरंय" म्हटलं की चार इमारती येतात आणि नाक मुरडलं की चार इमारती जातात. त्यांच्या नाकाची ख्याती अशी की बंद डब्यातलं तूप कुणाच्या घरचं ते त्या जिन्यावरून सांगतात. पत्रा बाहेर आला. नानकटाया नव्हत्याच, कोळशाच्या वड्या होत्या.

काकूंनी त्यातली एक वडी उचलून उजेडात धरली.

"अपूर्वा," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "हे काय आहे?"

"काकू, सॉरी. खरंच सॉरी. मी माझ्या तुपातल्या करून देते तुम्हाला, आत्ता..."

"तुझं तूप मला काय करायचंय? मी घरी लोणी कढवून तूप करते. मुद्दाम. उद्या पुन्हा घेऊन येईन. पण पत्र्यावरची नजर हलवायची नाही मी. भट्टीच्या बाजूला स्टूल टाकून बसणार. आणि ऐक, सोसायटीच्या ग्रुपवर अजून एक शब्द टाकलेला नाही मी. उद्या टाकणार. काय टाकायचं ते तुझी भट्टी ठरवील."

त्या गेल्यावर जयवंतराव गल्ल्यापाशी आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अगो बाय, उद्याचो दिवस बघतंय. मगे त्या औषधवाल्याक हो म्हणतंय. माका आता ह्या जमणा नाय."

अपूर्वाने करपलेला पत्रा खरवडायला घेतला. औषधवाला मात्र त्याच संध्याकाळी मोजमापाची टेप घेऊन आला आणि "सहज, सहज" म्हणत गाळ्याची रुंदी मोजून गेला. मी पोलादी नळीत असूनसुद्धा माझा मणी गार पडला.

दुसऱ्या दुपारी काकू आल्या. पीठ मळलं, गोळे वळले, पत्रा आत जायची वाट बघत भट्टीच्या सांदीत स्टुलावर बसल्या. अगदी माझ्या शेजारी. तिथे बसणं म्हणजे काय ते मला विचारा! त्यांनी नॅपकिन नळाखाली भिजवला, तोंड पुसलं, मानेवर फिरवला, आणि पुन्हा भिजवून आणलेला तो गार, ओलाचिंब नॅपकिन समोर दिसलेल्या गोल खुंटीवर टांगला.

ती खुंटी म्हणजे माझं डोकं.

आहाहा. काय सांगू. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली. डोकं निवायला लागलं. वजाबाकी कमी व्हायला लागली. गल्ल्यावरचा आकडा हलला आणि हळूहळू चढायलाच लागला. एकशे चाळीस, एकशे साठ, एकशे ऐंशी...

"भट्टी कुणी वाढवली?" अपूर्वा किंचाळली.

"मी नाय," आतून जयवंतराव.

"माझ्याकडे काय बघतेस? मी नुसती बसलेय," काकू म्हणाल्या. अपूर्वाला धावत येताना पाहून त्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. त्यांनी घाईने नॅपकिन उचलला. थोड्या वेळाने आकडा घसरायला लागला.

अपूर्वा गल्ल्याशी परत गेली होती. ती आकड्याकडे बघत राहिली. मग काकूंकडे. मग पुन्हा आकड्याकडे.

"काकू, मघाशी काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं बाई, नॅपकिन वाळत घातला."

"कुठे?"

"ह्या खुंटीवर."

"परत घाला."

"अगं पण..."

"घाला ना काकू, प्लीज! भिजवून घाला!"

काकूंनी घातला. आकडा चढला. काढला. उतरला. पुन्हा घातला, पुन्हा चढला. तिसऱ्या वेळेला काकूंना स्वतःलाच मजा यायला लागली आणि त्या तिकडून ओरडून विचारायला लागल्या, "आता किती गं? आता?" अगदी पवईच्या प्राध्यापकांसारख्या.

"बाबा," अपूर्वा म्हणाली, "बाहेर फडकं टाकलं तर आतली भट्टी जास्त गरम कशी होईल?"

"फडक्यान भट्टी गरम? याड लागला काय तुका?"

"तेच म्हणतेय मी. म्हणजे हा आकडा आतला नाहीच आहे. बाहेरच्या ह्या डबीचंही काहीतरी त्यात मिसळतंय."

मी आत नाचत होतो. पोरी, बरोबर! अजून थोडं, अजून थोडं पुढे!

तिने मिहिरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळा प्रकार सांगितला. मिहिर म्हणाला, "मॅडम, पॅनेल मी लावला होता तिथेच आहे ना?"

"नाही. पुढे घेतला आम्ही."

"केबल कुणी जोडली?"

"आमच्या धोंडिरामदादांनी."

"लाल तार कुठे लावलीय त्यांनी?"

धोंडिराम समोरच्या चहाच्या टपरीवरच होता. त्याला हाक मारली. तो चहाचा ग्लास घेऊनच आला आणि फोनकडे तोंड करून ऐटीत म्हणाला, "लाल प्लसला. अजून कुठे लावणार?"

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे. आपलं काम साफ असतं."

"दादा, ह्या केबलमध्ये लाल मायनस असते."

धोंडिरामने ग्लास भट्टीवर ठेवला. असा अपमान त्याचा उभ्या आयुष्यात झाला नसावा.

"लाल मायनस? कुठल्या देशात रे?"

"अमेरिकेत ठरलं तसं, दादा. पिवळी प्लस, लाल मायनस."

"येडे आहेत का ते लोक? उद्या म्हणतील सिग्नलला लाल लागला की पळा!" पण बोलता बोलता त्याचा हात खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे गेलाच होता. स्विच बंद केला. आधी माझ्या डोक्याचं झाकण उघडून तारा बदलल्या, मग गल्ल्यावर जाऊन पॅनेलशी बदलल्या. आणि अपूर्वाला म्हणाला, "सांगायचं ना आधी. मला काय माहीत, ही वायर परदेशी वळणाची आहे?"

स्विच चालू झाला. आकडा उजळला: दोनशे बारा.

 एवढे दिवस आत काय होतं ते सगळ्यांना एकदम दिसलं. जयवंतरावांनी हळूच स्वतःच्या बोटांवरचा फोड अंगठ्याने चाचपला.

अपूर्वाने दार उघडून भट्टी निववली. एकशे सत्तरला आणली. काकूंचा नॅपकिन माझ्या डोक्यावर टाकून बघितला. आकडा ढिम्म हलला नाही. मग तिने काकूंचा पत्रा उचलला.

"टाकू?" तिने विचारलं.

"माझं तूप आहे त्यात," काकू म्हणाल्या. "टाक."

त्यानंतरची मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मी मोजत होतो, कळवत होतो, मोजत होतो. एकशे अडुसष्ट. एकशे सत्तर. एकशे एकाहत्तर, बंद कर. एकशे एकोणसत्तर, चालू कर. पुढे अपूर्वा नखं खात उभी. जयवंतराव गल्ल्यापाशी पाठ करून बसले होते, पण त्यांचे कान भट्टीकडे. औषधवाला दारात डोकावला आणि "नंतर येतो" म्हणून गेला.

मग वास आला. तुपाचा आणि वेलचीचा. आधी बारीक, मग सांदीसांदीतून भरून आलेला.

पत्रा बाहेर आला. नानकटाया फिक्या, कडेला जेमतेम तांबूस, माथ्यावर बारीक तडे गेलेल्या. काकूंनी एक उचलली, मधोमध मोडली, नाकाशी धरली, तोंडात टाकली. आणि डोळे मिटले. सगळी बेकरी त्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"माझंच तूप आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून फोन काढला, पत्र्याचा फोटो घेतला आणि टाइप करायला लागल्या. काय टाकलं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. पण तासाभरात डबे, पातेली, पिशव्या घेऊन बायकांची अशी रीघ लागली की धोंडिरामला टपरीवर परत जायला वाट मिळेना. तो तिथेच थांबून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होता, "अमेरिकेत लाल मायनस असते बरं का, ताई. आपल्याला ठाऊक पाहिजे."

निघताना काकू गल्ल्यापाशी थांबल्या. "जयवंतराव, पुढच्या वर्षी आहे ना बेकरी? की मी दुसरी बघू?"

 जयवंतरावांनी गल्ल्यावरची स्वतःची खुर्ची उचलली आणि बाजूला, भिंतीशी नेऊन ठेवली. मग तिच्यावर बसले.

"माका नको विचारू, सुनंदाबाय. मालकीण ती. तिका विचार."

 अपूर्वाने पुढचा पत्रा उचलला.

ती दिवाळी गेली. आता नाताळ आलाय. गोराईहून एक बाई केकचं मिश्रण भरलेली मोठमोठी भांडी घेऊन आल्या आहेत. म्हणतात, कमी आचेवर, सावकाश भाजायचं. मला सवय नाही सावकाशची, पण शिकतोय.

एक मागणं आहे, तेवढं ऐका आणि मग जा. आगीत राहून राहून माझ्या तारांचा धातू हळूहळू बदलत जातो. एक दिवस मी चुकीचं सांगायला लागेन, आणि तेव्हा तारा अगदी बरोबर जोडलेल्या असतील. मला स्वतःला कळणारही नाही. त्या दिवशी अपूर्वाने माया करू नये. मुलुंडहून नवा आणावा, मला काढावं, त्याला बसवावं. जुन्याने जागा द्यायची असते. इथे एकाने खुर्ची उचलून दाखवली, माझे तर फक्त दोन स्क्रू सैल करायचे आहेत. पण तोवर, मी सांगतोय तोवर, ऐका. आणि माझं टोक बघाल तेव्हा डोकंही बघत जा.

बाकी मी बरा आहे. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे एकोणपन्नास. केक फुगतोय बहुतेक. एकशे पन्नास, छान, आता असंच... एकशे चाळीस? एकशे तीस? अहो गोराईच्या बाई, केक पळून जात नाही कुठे! दार लावा आधी!